वाईट दिवशीही जमेल असा छंद

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांमधले आजार वेगवेगळे आहेत, पण घोळ बहुतेकांचा एकाच जागी होतो. छंद निवडताना माणूस आपला चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवतो. तसे दिवस आठवड्यातून दोन येतात. उरलेले पाच दिवस ते सामान कोपऱ्यातून आपल्याकडे बघत राहतं, आणि महिन्याभरात छंद सुटतो. म्हणून खालच्या उत्तरांची सुरुवात आम्ही उलट्या टोकानं केली आहे. सगळ्यात वाईट दिवशी हातात, डोळ्यांत आणि अंगात काय शिल्लक असतं, ते आधी पाहायचं.

प्रश्न: मला दीर्घकालीन थकव्याचा आजार (एमई/सीएफएस) आहे. पूर्वी मोठी तैलचित्रं काढायचे. आता जरा बरं वाटलं की दोन तास रंगवते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठता येत नाही. घरचे म्हणतात, रोज थोडा थोडा वेळ वाढव, सवय होईल. वाढवू का?

नका वाढवू. तुमच्या आजारात श्रमांचा हिशेब त्याच दिवशी होत नाही. घसरण १२ ते ४८ तासांनी येते, कधी त्याहून उशिरा. रंगवत असताना अंग काहीच सांगत नाही, आणि सांगतं तेव्हा वेळ गेलेली असते. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपाय पूर्वी या आजारावर सर्रास सुचवला जायचा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत तो काढून टाकला. घरच्यांना हे जरूर सांगा. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण सल्ला दुसऱ्या आजाराचा आहे.

आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. एका दिवसाला एक ओळ, आणि तिच्यात चार रकाने: किती वेळ ताठ बसलात, डोक्याचं काम किती वेळ केलं (फोनवरचं बोलणं आणि वाचनही यात आलं), हातानं काय केलं, आणि त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले. चौथा रकाना दोन दिवसांनीच भरायचा. मग मागे वळून, ज्या दिवसांनंतर घसरण झाली नाही ते दिवस शोधा. त्यांतला रंगकामाचा सर्वांत जास्त वेळ समजा २० मिनिटं निघाला, तर तुमचं आजचं माप १० ते १२ मिनिटं. गजर तेवढ्याला लावा. वाजला की कुंचला खाली, फटकारा अर्धा राहिला तरी. गजर वाजताना ‘अजून जमलं असतं’ असं वाटणं, हीच माप बरोबर असल्याची खूण आहे. नेमक्या याच क्षणी थांबणं सर्वांत अवघड जातं, त्यामुळे पहिले काही आठवडे शेजारी कुणी असेल तर बरं.

या मापात तयारी आणि आवराआवर धरायला लोक विसरतात. तैलरंगात चित्र १० मिनिटांचं आणि कुंचले धुणं १५ मिनिटांचं होतं. शिवाय टर्पेंटाइनचा वास थकलेल्या माणसाला जास्तच झोंबतो. म्हणून निदान वाईट दिवसांसाठी माध्यम बदला. १२ वड्यांची जलरंगाची पेटी, दांड्यातच पाणी भरायची सोय असलेला एक मध्यम कुंचला, ३०० ग्रॅम (दर चौरस मीटरला) वजनाच्या जाड कागदाची ए-६ आकाराची कार्डं (साधारण १०.५ बाय १५ सेंटीमीटर) आणि एक जुना सुती फडका. हे सगळं एका झाकणाच्या ट्रेमध्ये, पलंगावरून हात पोचेल तिथे ठेवा. कागद पातळ घेतलात तर ओला झाल्यावर त्याला लाटा येतात आणि रंग खळग्यात साचतो. पाण्याच्या कुंचल्यात एकच खोड असते, दाबला की पाणी भसकन येतं आणि ओल्या रंगात फुलासारखे डाग उमटतात. प्रत्येक रंगानंतर टोक फडक्यावर टेकवून मगच कागदाला लावा. पाठ ३० ते ४५ अंशांवर टेकलेली, दोन्ही कोपरांखाली उशी आणि मांडीवर उतरती फळी असली, की खांद्यांना हात उचलून धरावे लागत नाहीत.

मोठ्या आकाराची ओढ असेल तर तीही सोडायची गरज नाही. १९४१ मधल्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातिसचा बराच काळ अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत गेला. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो बसल्या जागी कात्रीनं आकार कापायचा आणि ते भिंतीवर कुठे टाचायचे हे सांगायचा. त्यातली काही कामं भिंतभर मोठी आहेत. रंगवणं, कापणं आणि मांडणं या तिन्ही गोष्टी त्यात सुट्या झाल्या, आणि तुम्हाला यातलं हेच उचलता येईल. एका दिवशी फक्त कागद रंगवायचे, पुढच्या चांगल्या दिवशी चार आकार कापायचे. वाळून पडलेला रंगीत कागद आठवडाभर वाट बघू शकतो, ओला तैलरंग बघत नाही.

प्रश्न: संधिवातामुळे (ऱ्हुमॅटॉइड) बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात. क्रोशा विणायची फार आवड आहे, पण अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. सोडून देऊ का?

सोडू नका, पण सुई, लोकर, पकड आणि वेळ या चारही गोष्टी बदलाव्या लागतील.

अंगठा दुखतो तो बारीक दांडा चिमटीत घट्ट धरल्यामुळे. वस्तू जितकी बारीक तितकी चिमूट जास्त आवळावी लागते. त्यामुळे सुईच्या दांड्यावर फोमची नळी चढवा किंवा जाड रबरी मूठ असलेली सुई घ्या. मुठीची जाडी अडीच ते तीन सेंटीमीटर असावी. सुई ५ ते ६ मिलिमीटरची आणि लोकर मध्यम जाडीची. धातूपेक्षा बांबूची किंवा लाकडाची सुई हलकी असते, हाताला गारही लागत नाही. सुती दोरा मात्र तूर्त बाजूला ठेवा. तो ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्येक टाक्याला झटका बोटांवर येतो. लोकर किंवा लोकरीसारखा ॲक्रिलिक धागा थोडा ताणला जातो आणि तो झटका पोटात घेतो. रंग फिका निवडा. गडद लोकरीत टाका दिसत नाही, माणूस पुढे वाकतो आणि मग मानही दुखते.

पकडीचं म्हणाल तर सुई पेनसारखी न धरता मुठीत, वरून धरून पाहा. तीन-चार दिवस टाके वेडेवाकडे येतील, मग हात बसतो. दुसऱ्या हाताची करंगळीही सांभाळा. ताण राखायला लोकर करंगळीला दोन वेढे देऊन धरायची सवय बहुतेकांना असते आणि नेमका तोच सांधा सुजतो. वेढे काढून टाका, लोकर तळहातावरून सैल जाऊ द्या. गुंडा एका जड वाडग्यात ठेवला की लोकर ओढताना तो पळत नाही. टाके तरीही घट्ट पडत असतील तर हात सैल करण्याच्या भानगडीत पडू नका, सुईच अर्धा मिलिमीटर मोठी घ्या.

काय विणायचं यालाही महत्त्व आहे. मोठी शाल विणायला घेतली की तिचं वजन दर ओळीला वाढतं आणि ते मनगटानं पेलावं लागतं. त्याऐवजी सुटे चौकोन विणा. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, कोपऱ्याला दोन साखळ्या, अशा तीन फेऱ्या. सवयीच्या हाताला एक चौकोन १५ ते २० मिनिटांचा. तो संपला की आपोआप थांबायची जागा मिळते, आणि मधेच सोडावा लागला तरी शेवटच्या घरात खुणेची पिन अडकवून ठेवता येतो. चौकोन जोडायचं काम चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवा. मुका खांब घालून जोडण्यापेक्षा बोथट सुईनं शिवणं हाताला हलकं पडतं.

विणकाम सकाळी करू नका, आखडलेपण उतरल्यावर बसा. आधी पाच-दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धरा. दर दहा मिनिटांनी सुई खाली ठेवून बोटं पूर्ण उघडा. थांबल्यानंतर दोन तासांनीही दुखणं सुरुवातीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करायचा. आणि सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी विणकाम नाहीच. त्या दिवशी नमुने बघा, रंगांच्या जोड्या लावून ठेवा. तेही याच छंदातलं काम आहे.

प्रश्न: वडील घरी ऑक्सिजनवर असतात. त्यांना मेणबत्त्या बनवायच्या आहेत. खिडक्या उघड्या ठेवून चालेल का?

चालणार नाही, खिडक्या कितीही उघड्या असल्या तरी. ऑक्सिजन स्वतः पेट घेत नाही, पण कपडे, केस आणि पांघरूण यांत तो मुरतो आणि मग साधी ठिणगीही झपाट्यानं पसरते. ज्योत त्यांच्यापासून निदान ३ मीटर लांब हवी. यंत्र बंद केल्यावरही निदान अर्धा तास त्यांनी ज्योतीजवळ जाऊ नये. लाकडावर तापलेल्या सळीनं नक्षी काढणं आणि डाखकाम हे दोन्ही याच यादीत येतात. सुतारकामाची आणि सुक्या मातीची धूळ फुप्फुसांना त्रासदायक, तीही टाळा. कागदाच्या घड्यांची कला चांगली: १५ सेंटीमीटरचे चौकोनी कागद, टेबलावर टेकलेली कोपरं, श्वासावर ताण नाही. त्यांना संगीताची ओढ असेल तर गाण्याबद्दल फिजिओथेरपिस्टशी बोला. फुप्फुसांच्या जुनाट आजारात श्वास लांबवून, हळू सोडायला शिकवण्यासाठी गायनाचे गट चालवले जातात.

प्रश्न: मधुमेहामुळे दृष्टी जवळजवळ गेली. वय ५८. बुद्धिबळ जन्मभर खेळलो. मोबाइलवर कुणीतरी वाचून दाखवतं, पण पट हाताखाली नसला की मजा येत नाही. ब्रेल शिकावी लागेल का?

बुद्धिबळासाठी ब्रेल लागत नाही. अंधांसाठीचा पट निदान २० बाय २० सेंटीमीटरचा असतो. त्यातली काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला खुंटी, त्यामुळे चाचपडताना मोहरी पडत नाहीत. काळ्या मोहऱ्यांवर वेगळी खूण असते, बहुधा डोक्यावर एक टोक. बोटांनी वरून पट ‘वाचायला’ सुरुवातीला वेळ लागतो. डाव्या हातानं डावीकडचे चार स्तंभ आणि उजव्यानं उजवीकडचे, दोन्ही हात एकाच वेळी तुमच्याकडून समोर सरकवत नेण्याची सवय लावा. एका हातानं चाचपलं की दुसरी बाजू डोक्यातून निसटते.

नियमही त्याला धरून आहेत. डोळस खेळाडूला ‘हात लावला की खेळावंच’ लागतं, तुम्हाला मोहरी चाचपायची पूर्ण मुभा आहे. मोहरं भोकातून वर काढलं की मगच ते ‘हात लावलेलं’ धरतात. प्रतिस्पर्धी डोळस असेल तर तो आपला नेहमीचा पट वापरू शकतो. प्रत्येक खेळी मोठ्यानं सांगायची आणि समोरच्यानं ती उच्चारून आपल्या पटावर करायची. इंग्रजी अक्षरं ऐकताना बी आणि डी यांची गल्लत होते, म्हणून स्तंभांना नावं ठरलेली आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. घोडा एफ-३ वर न्यायचा तर ‘घोडा, फेलिक्स ३’. अंध बुद्धिबळपटूंची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, त्यामुळे ही पद्धत जगभर चालते. लांबच्या मित्राशी खेळायचं तर खेळी फोनवर सांगा आणि पट दोघांच्या हाताखाली ठेवा. लिचेस या मोफत संकेतस्थळावरही पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी वेगळी सोय आहे.

मधुमेहाबद्दल एक सांगायला हवं. बोटांच्या टोकांची संवेदना कमी झाली असेल तर लहान पटावर उंट आणि प्यादं सारखंच लागतं. पट घेण्याआधी ही दोन मोहरी डोळे मिटून ओळखता येतात का ते पाहा, आणि येत नसतील तर मोठा संच घ्या. ब्रेल शिकायची इच्छा झाली तर त्यासाठीही ठिपक्यांचा आकार मोठा असलेली ब्रेल मिळते.

प्रश्न: पक्षाघातानंतर डावा हात अगदी कमजोर राहिला आहे. भरतकाम एका हातानं होतं का?

होतं, पण कापड पकडण्याचं काम टेबलाला द्यावं लागतं. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचा शिकंजा असलेली, साधारण २० सेंटीमीटरची रिंग घ्या. कापड चौकटीचं (आयडा), इंचाला ११ घरं असलेलं. १४ घरांचं नंतर. सुई २२ नंबरची, बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची.

एका हाताला खरी अडचण येते ती दोरा ओवताना आणि गाठ मारताना. ओवण्यासाठी सुई फोमच्या जड ठोकळ्यात उभी खोचा, नेढं तुमच्याकडे. गाठ तर टाळताच येते. साधारण ९० सेंटीमीटरचा एकेरी पदर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही टोकं एकत्र नेढ्यातून ओवा. मागे फास उरतो. सुई खालून वर काढा, पहिला अर्धा टाका घालून परत खाली न्या आणि त्या फासातून काढून ओढा. दोरा जागच्या जागी बसला. संपवताना मागच्या बाजूनं चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून दोरा कापा. दुमडल्यावर दोरा ४५ सेंटीमीटरचा राहतो. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो, आणि एका हातानं गुंता सोडवणं फार जिकिरीचं.

ताणलेल्या कापडात एका हातानं दर टाक्याला रिंगेच्या वर आणि खाली फेऱ्या माराव्या लागतात. दहा मिनिटांत खांदा भरून येतो. रिंग थोडी ढिली करा आणि सुई वरच्या वर, एका घरातून घालून शेजारच्या घरातून काढा. वेळ निम्म्यावर येतो. डावा हात मात्र मांडीवर लोंबकळत ठेवू नका. त्याला टेबलावर, रिंगेशेजारी, हाताखाली घडी देऊन ठेवा. खांद्याला आधार मिळतो आणि हात नजरेसमोर राहतो. कामाची डावी कड वारंवार सुटत असेल, तर पक्षाघातामुळे डावीकडचं लक्षात न येण्याचा तो प्रकार असू शकतो. थेरपिस्टला सांगा, आणि कापडाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा. दर ओळ त्या पट्टीपासून सुरू करायची.

प्रश्न: चाकांच्या खुर्चीवरून बागकाम करायचं आहे. शिवाय प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत. काय काळजी घ्यावी?

खुर्ची वाफ्याला बाजूनं लावून कमरेतून वळत काम केलं की पाठ जाते. त्यामुळे शक्य असेल तर टेबलासारखा, खालून मोकळा वाफा करा. गुडघ्यांसाठी खाली ७० सेंटीमीटर मोकळी जागा आणि वर १५ ते २० सेंटीमीटर माती. एवढ्या मातीत पालेभाज्या, कोथिंबीर, हंगामी फुलं छान येतात. एकाच बाजूनं हात पोचत असेल तर रुंदी ६० सेंटीमीटर, दोन्हीकडून पोचत असेल तर १२०. वाट ९० सेंटीमीटरची पुरते, पण खुर्ची वळवायच्या जागी १५० हवी. बनवण्याआधी खुर्चीत बसून कागदी फीतपट्टीनं आपला हात खरोखर किती पुढे जातो ते मोजा. आमच्या आकड्यांपेक्षा तुमचं माप खरं.

३० सेंटीमीटरची ओली कुंडी १५ किलोच्या आसपास भरते. ती चाकांच्या फळीवर ठेवा. माती हलकी करायला निम्मं कोकोपीट आणि थोडं परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) मिसळा. झारी एक लिटरची पुरे. वाईट दिवसांसाठी वातीचं पाणी: शेजारी दोन लिटरची बाटली, तिच्या तळापर्यंत बुडालेली नायलॉनची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मातीत पाच-सात सेंटीमीटर खोल. बाटलीतल्या पाण्याची पातळी कुंडीच्या मातीपेक्षा फार खाली नको, नाहीतर पाणी वर चढत नाही. सुती वात लवकर कुजते.

औषधांमुळे जपायचं ते मातीच्या पिशवीपासून. कुंडीच्या मिश्रणात लिजिओनेला जातीचे जंतू असू शकतात आणि कोरडी भुकटी श्वासातून आत जाते. पिशवी तोंडापासून लांब धरून उघडा, लगेच पाणी शिंपडा, मास्क आणि हातमोजे घाला. सडत असलेलं खत उलथण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या. गुलाबाचा काटाही किरकोळ समजू नका, त्यातून बुरशीचा संसर्ग त्वचेत शिरू शकतो. पायांना संवेदना नसेल तर कात्री किंवा उन्हात तापलेलं अवजार मांडीवर ठेवू नका, बाजूला पिशवी अडकवा. दर १५ ते ३० मिनिटांनी वजन एका बाजूवरून दुसरीकडे घ्या. कामात रमलेला माणूस हे हमखास विसरतो आणि जखम आठवडाभरानं दिसते. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर घाम नीट येत नाही, तेव्हा बागेची वेळ पहाटेचीच ठेवा.

प्रश्न: मी बहुतेक वेळ अंथरुणातच असतो. हातांनी थोडंच होतं, पण डोकं चालतं. कुणाच्या उपयोगी पडेल असं काही आहे का?

पुष्कळ आहे. २००७ मध्ये ‘गॅलक्सी झू’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. दुर्बिणीनं टिपलेल्या आकाशगंगांची छायाचित्रं पाहून प्रत्येक आकाशगंगा गोल आहे की चक्राकार, हे मुख्यतः लोकांना सांगायचं होतं. त्याच वर्षी हान्नी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका छायाचित्रात विचित्र चमकता ढग दिसला. तो नव्या प्रकारचा निघाला आणि आज तिच्या नावानं ओळखला जातो. त्यातूनच वाढलेल्या झूनिव्हर्स या संकेतस्थळावर प्राणी मोजणं, जुनी हस्तलिखितं उतरवून काढणं असे कितीतरी प्रकल्प चालू असतात. एक चित्र मिनिटभरात होतं, कधीही थांबता येतं, कुणी वाट बघत नसतं.

भाषेची आवड असेल तर मराठी विकिस्रोत, म्हणजे जुनी पुस्तकं मोफत वाचायला ठेवणारं संकेतस्थळ. जुन्या पुस्तकाचं पान डावी-उजवीकडे चित्र आणि मजकूर असं समोर येतं, चुका सुधारायच्या. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्या व्यक्तीनं तपासलं की हिरवं. लाल पान पिवळं करण्यापेक्षा पिवळं पान हिरवं करणं हलकं असतं, सुरुवात तिथून करा. टंकलेखन जमत नसेल तर फोनमध्ये बोलून लिहिता येतं, फक्त जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नजरेखालून घाला.

आणि खिडकी असेल तर पक्षी. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, दिसतील-ऐकू येतील तेवढे मोजून ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं, पण ते चुकतंही. ऐकलेला पक्षी दिसेपर्यंत ‘बहुधा’ असंच लिहा. दुर्बीण ८×२५ ची हलकी घ्या. १० पट मोठं दाखवणारी घेतली तर हाताचा कंपही १० पट दिसतो.

प्रश्न: आजारपणामुळे नोकरी सोडली. आता कधीमधी मातीच्या मूर्ती करते. नातेवाईक म्हणतात, ‘हे जमतं तर काम का नाही जमत?’ मग हात लावायलाच नको वाटतं.

त्या बोलण्यानं हात गळतात हे अगदी समजू शकतो. मूर्ती अर्धी असताना तुम्ही ओलं फडकं आणि वर प्लास्टिक गुंडाळून ती चार दिवस ठेवू शकता. नोकरीतलं काम असं ठेवता येत नाही. वीस मिनिटं काम आणि दोन तास विश्रांती असा दिवस कुठल्याही कार्यालयात चालत नाही. फरक एवढा साधा आहे, आणि एकदा शांतपणे सांगून टाकावा. पुन्हा पुन्हा पटवत बसू नका, त्यातही शक्ती जाते. कुणी ‘विकायला सुरुवात कर’ म्हणालं तर ऑर्डर घेण्याआधी थांबा. तारीख ठरली की मूर्ती वाईट दिवशीही करावी लागते. विकायचंच असेल तर आधी करून ठेवलेल्याच विका.

प्रश्न: आईला कंपवात (पार्किन्सन्स) आहे. काहीही सुचवलं तरी ‘नको’ म्हणते. आळशी ती कधीच नव्हती.

हा आळस नाहीच. सुरुवात करण्याची प्रेरणा मंदावणं हे या आजाराचंच एक लक्षण आहे. ‘काय करूया?’ हा प्रश्न तिला डोंगराएवढा वाटतो. विचारण्याऐवजी दोन गोष्टी समोर मांडून ठेवा आणि यातलं कुठलं, एवढंच विचारा. वेळ औषधाची धरा. गोळीनंतर हालचाल मोकळी होते तो काळ चार-पाच दिवस घड्याळ लावून टिपा, बऱ्याच जणांत तो पाऊण ते एक तासानं सुरू होतो. छंद त्या वेळेत बसवायचा.

लय आणि ठळक खुणा असलेलं काम कंपवातात चांगलं जमतं, कारण सुरुवातीचा धक्का बाहेरून मिळतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून एक नृत्यसंस्था कंपवाताच्या रुग्णांसाठी वर्ग चालवते. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी टेबल टेनिसची जागतिक स्पर्धाही सुरू झाली. घरी बसून करायचं तर खुर्चीत ठेक्यावर हातपाय हलवणं, किंवा मोठ्या अक्षरांचं सुलेखन. या आजारात अक्षर लहान लहान होत जातं, म्हणून दोन सेंटीमीटर अंतराच्या जाड रेघा आखून द्या, जाड टोकाचा मार्कर द्या आणि ‘रेघेला टेकव’ एवढंच सांगा. ओळीत पाच-सहापेक्षा जास्त शब्द नकोत. उभं राहायच्या खेळात तोल जाण्याची भीती असेल तर मागे भिंत आणि शेजारी माणूस हवा.

याच्या उलट टोकावरही लक्ष ठेवा. काही औषधांनी एखादी गोष्ट थांबवताच येत नाही असं होऊ शकतं: रात्रभर तीच बटणं लावत बसणं, तोच कपाटाचा कप्पा पुन्हा पुन्हा काढून लावणं, किंवा अचानक जुगाराची, खरेदीची ओढ. ‘बरं झालं, रमली’ म्हणून ते सोडून देऊ नका. कधी सुरू झालं, किती तास चालतं आणि त्या सुमारास कुठली गोळी वाढवली होती, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.